चिलर रोज ‘फ्लो’वर ट्रिप होतोय? फ्लो स्विचला लूप मारण्याआधी हे तपासा

चिलर, म्हणजे पाणी गार करून देणारं मशीन, चालू असतो, पाणी ७ अंशांवर आलेलं असतं आणि अचानक कॉम्प्रेसर बंद पडतो. डिस्प्लेवर ‘इव्हॅपोरेटर वॉटर फ्लो लॉस’, म्हणजे पाणी जिथे गार होतं त्या इव्हॅपोरेटरमधून ते पुरेसं वाहत नाहीये. ऑपरेटर रीसेट दाबतो, मशीन सुरू होतं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत हॉटेल असो, इस्पितळ असो, मासळी प्रक्रियेचा कारखाना असो की लोटे-परशुरामच्या एमआयडीसीतला एखादा रासायनिक प्लांट, माझ्याकडे येणाऱ्या फोनांत ही तक्रार सगळ्यात जास्त असते. फोनवर पलीकडून बहुतेक वेळा एक वाक्य ठरलेलं असतं: “रिसेट मारलंय, चालू झालो. काय होणा नाय!”

होतं. आणि होतं तेव्हा लाखांत होतं.

महिनाभर रीसेट मारून कंटाळा आला की कोणीतरी पॅनेल उघडतो आणि पाणी वाहतंय का ते बघणाऱ्या फ्लो स्विचच्या दोन टर्मिनलांत वायरचा तुकडा घालून लूप मारतो. मग पाणी असो-नसो, मशीनला ‘फ्लो आहे’ असंच दिसतं. ट्रिप थांबते. सगळे खूश होतात. म्हणून ट्रिपचं कारण शोधण्याआधी हा लूप नेमकं काय करतो ते सांगतो. ते एकदा पटलं की पुढची शोधाशोध माणूस मनापासून करतो.

लूप मारल्यावर इव्हॅपोरेटरमध्ये काय होतं

शीतजलाच्या साध्या प्लांटमध्ये पाणी साधारण १२ अंशांवर परत येतं आणि ७ अंशांवर बाहेर जातं. ते तसं थंड व्हायचं तर आतला रेफ्रिजरंट (गारवा देणारा गॅस) त्याहून गार हवा, म्हणजे २ ते ५ अंशांच्या दरम्यान. रेफ्रिजरंट आर-१३४ए असेल तर सक्शन गेजवर (कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या गॅसचा दाब दाखवणाऱ्या) सुमारे १.९ बार म्हणजे ० अंश. नेहमीचं काम आणि बर्फ यांच्यात एवढंच अंतर आहे.

आता पंप थांबला किंवा पाणी निम्म्यावर आलं आणि कॉम्प्रेसर मात्र चालूच राहिला, तर उष्णता आणून देणारं कोणी उरत नाही. सक्शनचा दाब घसरतो, रेफ्रिजरंट शून्याखाली जातो आणि ट्यूबमध्ये अडकलेलं पाणी गोठायला लागतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, आणि तांब्याची ट्यूब तेवढी ताणत नाही. ती फाटली की रेफ्रिजरंट आधी पाण्यात निसटतो. मग दाब उतरला की पाणी उलटं रेफ्रिजरंटच्या सर्किटमध्ये शिरतं. पाणी तेलात मिसळतं, ॲसिड तयार होतं, वाइंडिंग जळतं. त्यानंतर ट्यूब बदलणं, कॉम्प्रेसर बदलणं आणि सगळं सर्किट कोरडं करत बसणं. प्लेट टाइप इव्हॅपोरेटर असेल तर पाण्याच्या वाटा इतक्या अरुंद असतात की हे सगळं आणखी लवकर होतं, आणि तो दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलावाच लागतो.

फ्लो स्विचच्या मागे आणखी दोन पहारेकरी असतात: रेफ्रिजरंटचा दाब फार उतरला तर मशीन थांबवणारं लो प्रेशर कटआउट आणि पाणी गोठण्याच्या जवळ आलं तर थांबवणारं फ्रीझ थर्मोस्टॅट. साध्या पाण्यासाठी फ्रीझचं कटआउट सहसा ३-४ अंशांवर लावलेलं असतं. “ते आहेत की,” असं लूप मारणारा म्हणतो. पण फ्रीझचा सेन्सर बाहेर जाणाऱ्या पाइपमध्ये बसवलेला असतो. पाणी वाहतच नसेल तर त्या सेन्सरपाशी आतलं गार पाणी पोचतच नाही. आत बर्फ होतोय आणि सेन्सर सुखाने ८ अंश दाखवतोय, असं होऊ शकतं. लो प्रेशरला बऱ्याच मशीनमध्ये सुरुवातीला काही वेळाची सूट दिलेली असते. तिघांतला पहिला आणि वेगाने काम करणारा फ्लो स्विचच आहे.

साखळी कुठे तुटते ते आधी शोधा

इंटरलॉकची, म्हणजे आधीची अट पुरी झाल्याशिवाय पुढचं मशीन सुरू न होऊ देणाऱ्या साखळीची, मांडणी समजायला अवघड नाही. चिलर सुरू होताना आधी चिल्ड वॉटर पंप सुरू होतो, मग त्याचा फ्लो सिद्ध होतो, मग कंडेन्सर पंप (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरला पाणी देणारा), त्याचा फ्लो, कूलिंग टॉवरचा पंखा, आणि सगळं ठीक असेल तर शेवटी कॉम्प्रेसर. बंद होताना उलट क्रम: आधी कॉम्प्रेसर, आणि चिल्ड वॉटर पंप त्यानंतर काही मिनिटं चालूच राहतो, आत उरलेला गारवा वाहून नेण्यासाठी.

जुन्या पॅनेलमध्ये पंपाच्या कॉन्टॅक्टरचा (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचचा) ऑक्झिलरी, फ्लो स्विच, हाय प्रेशर, लो प्रेशर, तेलाचा दाब, मोटरचा थर्मिस्टर, ओव्हरलोड, फेज रिले हे सगळे कॉन्टॅक्ट एकामागोमाग एक, सिरीजमध्ये असतात. साकवाची एक फळी निखळली की पलीकडे जाता येत नाही, तसं एक कॉन्टॅक्ट उघडला की कॉम्प्रेसरचा रिले पडतो. वायर तुटली तरी मशीन थांबतं, आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं असतं. नव्या कंट्रोलरमध्ये प्रत्येक सेफ्टीला वेगळा इनपुट असतो. तिथे इनपुट स्टेटसचं पान उघडून कोणता ‘ओपन’ आहे ते थेट वाचता येतं.

सिरीजच्या साखळीत दोष शोधायचा तर मीटरची एक प्रोब न्यूट्रलवर ठेवा आणि दुसरी साखळीच्या सुरुवातीपासून एकेका टर्मिनलवर पुढे न्या. जिथपर्यंत २३० व्होल्ट मिळतात तिथपर्यंत साखळी शाबूत आहे. जिथे ते नाहीसे होतात त्याच्या अलीकडचा कॉन्टॅक्ट उघडा आहे. फ्लो स्विचची केबल लांबून पॉवर केबलसोबत ओढलेली असेल तर डिजिटल मीटर इंडक्शनमुळे ५०-९० व्होल्ट असा फसवा आकडा दाखवतो. तो खरा सप्लाय समजू नका. हे काम चालू कंट्रोल सप्लायवर होतं, त्याच पॅनेलमध्ये ४१५ व्होल्टही असतात. ज्याला वायरमनचं काम येतं त्यानेच ते करावं, आणि पंपाजवळ हात घालण्याआधी आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप आणि पाटी लावावी.

अडचण अशी की रात्री दोनला उघडलेला कॉन्टॅक्ट तुम्ही सकाळी पोचेपर्यंत पुन्हा मिटलेला असतो. अशा वेळी अलार्म हिस्टरीतली सगळ्यात पहिली नोंद पाहा. फ्लो गेल्यावर मागोमाग लो प्रेशर येतो, फ्रीझ येतो, आणि ऑपरेटर नेमका डिस्प्लेवर राहिलेला शेवटचा अलार्म सांगतो. दोन अलार्ममध्ये दोन-चार सेकंदांचा फरक असतो, म्हणून कंट्रोलरचं घड्याळ बरोबर लावलेलं हवं. जुन्या पॅनेलमध्ये हिस्टरी नसेल तर संशयित कॉन्टॅक्टवर एक लॅच होणारा रिले आणि दिवा लावून ठेवा. कॉन्टॅक्ट क्षणभर जरी उघडला तरी दिवा पेटलेला राहतो. काही शे रुपयांचं काम आहे आणि महिन्याची डोकेदुखी वाचवतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पॅनेलवरचा ‘पंप ऑन’चा दिवा कॉन्टॅक्टरच्या ऑक्झिलरीवर पेटतो. त्याला फक्त कॉन्टॅक्टर ओढला गेल्याचं कळतं. कपलिंग तुटलं असेल, पंपात हवा अडकली असेल, व्हॉल्व्ह बंद राहिला असेल, तरी दिवा पेटलेलाच असतो. म्हणून पंपाचा इंटरलॉक आणि फ्लोचा इंटरलॉक दोन्ही लागतात. एक आहे म्हणून दुसरा काढायचा, असं करू नका.

ट्रिपची वेळ लिहायला लागा

माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: ट्रिप कधी होतो? वार, वेळ, त्या वेळी काय चालू होतं, लाइट गेली होती का, पाऊस होता का. आठवडाभर ह्या नोंदी झाल्या की निम्मं निदान कागदावरच होतं.

रात्री किंवा लोड कमी असताना ट्रिप होत असेल तर मला पहिला संशय बायपासचा येतो. एएचयू आणि एफसीयूवर (खोल्यांत गार हवा सोडणाऱ्या युनिटांवर) टू-वे व्हॉल्व्ह असतात. खोली गार झाली की ते मिटतात. गणपतीपुळ्याकडच्या हॉटेलांत रविवारी दुपारी पर्यटक चेक-आउट करून निघाले, खोल्यांची की-कार्डं निघाली, की चाळीस खोल्यांचे व्हॉल्व्ह तासाभरात मिटतात. लोट्यात रिॲक्टरची बॅच संपली की जॅकेटचा व्हॉल्व्ह मिटतो. इस्पितळात रात्री ओपीडीची एएचयू बंद होतात. पाण्याला जायला वाट उरत नाही, आणि इव्हॅपोरेटरमधून जाणारं पाणी किमान मर्यादेखाली घसरतं. अशा वेळी सप्लाय आणि रिटर्न हेडरमधला डिफरन्शियल प्रेशर बायपास व्हॉल्व्ह उघडायला हवा. प्रत्यक्षात काय सापडतं? त्याच्या शेजारचा हातव्हॉल्व्ह कोणीतरी ‘गार पाणी फुकट परत जातंय’ म्हणून बंद केलेला. किंवा ॲक्च्युएटरचा स्पिंडल खाऱ्या हवेने गंजून अडकलेला. किंवा प्रेशर सेन्सरचं टॅपिंग गाळाने भरलेलं. पंपावर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) असेल तर वीज वाचवायला कोणीतरी त्याची किमान फ्रिक्वेन्सी खाली आणलेली असते. दिवसा ते कळत नाही, रात्री ट्रिप होतो.

हे तपासायला कॉम्प्रेसर बंद ठेवा आणि फक्त पंप चालवा. एकेक एएचयूचा व्हॉल्व्ह हाताने मिटत जा आणि इव्हॅपोरेटरच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक, म्हणजे डीपी, बघत राहा. शेवटचा व्हॉल्व्ह मिटल्यावरही डीपी उत्पादकाने दिलेल्या किमान फ्लोच्या डीपीखाली जाता कामा नये. जात असेल तर फ्लो स्विच दर रात्री खरंच सांगत होता.

पावसाळ्यातल्या ट्रिपची गोष्ट वेगळी. जूनपासून आपल्याकडे लाइट ‘गेली’ यापेक्षा ‘डोळा मारून गेली’ हा प्रकार जास्त. अर्ध्या सेकंदाच्या झटक्यात पंपाच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर पडतो. पुश बटनच्या स्टार्टरला होल्ड-ऑन असतो, तो एकदा सुटला की कोणी हिरवं बटन दाबेपर्यंत पंप बंद. चिलरच्या कंट्रोलरला मात्र ऑटो रीस्टार्ट असतो. तो ठरलेला वेळ थांबतो आणि पंपाला कमांड देतो. पण पंपाचा सिलेक्टर ‘हँड’वर असल्याने ती कमांड पोचत नाही. फ्लो येत नाही, अलार्म. ऑपरेटर येतो, पंपाचं बटन दाबतो, रीसेट मारतो, चालू. तो सांगतो, रीसेटने चालला. चालला तो पंप सुरू केल्यामुळे.

यावर उपाय: सिलेक्टर ‘ऑटो’वर ठेवा आणि पंपाचा स्टार्टर चिलरच्या कमांडवर आणा. जनरेटरवर लोड टाकताना चिल्ड वॉटर पंप पहिल्या काहींत असू द्या. झटक्यात कॉम्प्रेसर आणि पंप एकदमच थांबतात, म्हणजे पंपाचं मागे चालत राहणं हुकतं, आणि साचलेल्या पाण्यावर उरलेल्या गार रेफ्रिजरंटचा मारा होतो. एका संध्याकाळी असे झटके पुन्हा पुन्हा बसत असतील तर ऑटो रीस्टार्ट बंद करून शिफ्टच्या माणसाने स्वतः चिलर सुरू करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय दोन स्टार्टमधला अँटी-रीसायकल टायमर कोणी कमी केला नाही ना, तेही पाहा.

पंप दुरुस्त होऊन आल्यावर ट्रिप सुरू झाले असतील तर फिरण्याची दिशा बघा. मोटर बाजारातून रिवाइंड होऊन येते, लीड जोडताना दोन फेज अदलाबदल होतात आणि पंप उलटा फिरतो. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी त्याच दिशेने ढकलतो, फक्त बरंच कमी. आवाज येतो, गेजवर थोडा दाब दिसतो, दिवा पेटतो, कोणाला काही शंका येत नाही. चिलरचा फेज रिले इथे मदतीला येत नाही, कारण मुख्य सप्लायचा फेज क्रम बरोबरच असतो. चूक मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये असते. वादळानंतर लाइनचं काम होऊन फेज फिरले असतील तर मात्र चिलर फेज रिलेवर अडेल, फ्लोवर नाही. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांची लाइन नव्याने ओढावी लागली. अशा कामानंतर पहिली स्टार्ट देताना सगळ्या पंपांची दिशा बघून घ्यावी.

दोन पंप समांतर असतील, एक चालू आणि एक स्टँडबाय, तर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, तपासा. स्टँडबायचा एनआरव्ही गळका असला की चालू पंपाचं पाणी बंद पंपातून उलटं फिरून सक्शनला येतं. खूण ओळखायला सोपी आहे: बंद पंपाचा शाफ्ट हळूहळू उलटा फिरताना दिसतो. त्याचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह मिटला आणि डीपी लगेच वर आला, की चोर सापडला.

फ्लो हळूहळू कमी होत गेला असेल, म्हणजे एप्रिलमध्ये महिन्यातून एकदा, मेमध्ये आठवड्यातून एकदा, जूनमध्ये रोज ट्रिप, तर स्ट्रेनर (पाण्याच्या लाइनमधली गाळणी) उघडा. मेकअपचं, म्हणजे कमी झालेलं भरून काढायचं, पाणी विहिरीचं असेल तर पहिल्या पावसात जांभ्याची तांबडी माती त्यात उतरते. किनाऱ्याजवळच्या बोअरवेलचं पाणी मेच्या अखेरीस मचूळ लागतं. ते क्लोराइड पाइप खातं आणि गंजाचे पापुद्रे येऊन जाळीवर बसतात. चिल्ड वॉटरचं सर्किट बंद असतं, त्याला मेकअप फार लागायलाच नको. मेकअपचं मीटर रोज फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि त्या वाटेने नुसती माती नाही, हवाही आत येते. हवेचे फुगे पॅडलपाशी (पाण्यात सोडलेल्या स्विचच्या पट्टीपाशी) आले की फ्लो स्विच फडफडतो. एअर व्हेंट गंजून बंद झालेत का आणि एक्स्पान्शन टँकमध्ये पाणी आहे का, हे दोन्ही पाहा. स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंना गेजची टॅपिंग नसतील तर या संधीला बसवून घ्या.

इथे एक सवय मला खटकते. फडफड थांबवायला कंट्रोलरमधला फ्लो-लॉस डिले वाढवतात. तीन-चार सेकंदांचा डिले क्षणिक फुग्यासाठी ठीक आहे. तो ३० किंवा ६० सेकंदांवर नेणं म्हणजे तारेशिवाय मारलेला लूपच आहे. उत्पादकाच्या मर्यादेबाहेर तो आकडा नेऊ नका.

स्विच स्वतःच बिघडला असेल तर

असतोही. पण हा संशय सगळ्यात शेवटी, फ्लो मोजल्यानंतर. पॅडल टाइप स्विचला आधी आणि नंतर पाइपच्या व्यासाच्या पाचपट सरळ लांबी लागते. १५० मिलिमीटरच्या पाइपला दोन्ही बाजूंना ७५० मिलिमीटर. बेंडच्या किंवा व्हॉल्व्हच्या तोंडाशी बसवलेला स्विच पाण्याच्या भोवऱ्यात उगाच उघडमीट करत राहतो. बाण पाण्याच्या दिशेने हवा. आडव्या पाइपवर स्विच वरच्या बाजूला सरळ उभा हवा, खाली लटकवला तर गाळ त्यातच साचतो. पॅडलची लांबी पाइपच्या मापाप्रमाणे कापलेली हवी.

आपल्या हवेत आणखी एक त्रास. चिल्ड वॉटरचा पाइप गार, बाहेरची हवा दमट आणि खारी. इन्सुलेशन स्विचच्या मानेपाशी उघडं राहिलं की तिथे घाम धरतो, पाणी ग्लँडमधून डब्यात उतरतं आणि टर्मिनलवर हिरवी बुरशी चढते. कॉन्टॅक्ट मिटलेला असूनही करंट जात नाही. केबल ग्लँड खालच्या बाजूला ठेवा, केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, डबा आयपी ६५ किंवा त्याहून चांगला घ्या, आणि मानेपर्यंत इन्सुलेशन नीट बंद करा. पॅनेलमध्ये स्पेस हीटर असेल तर तो चालू आहे ना ते पावसाळ्याआधी बघा. कॉन्टॅक्टरमध्ये मुंग्या आणि पाली सापडणं हेही आपल्याकडचं नेहमीचं. केबलची रिकामी भोकं बंद केली की ते जवळजवळ थांबतं.

सगळ्यात घातक बिघाड मात्र उलटा असतो. गंजलेलं पॅडल ‘फ्लो आहे’ या स्थितीतच अडकून बसतं. तेव्हा ट्रिप होत नाही, म्हणून तक्रारही येत नाही. पंप बंद करा आणि कॉन्टॅक्ट मोजा. तो उघडायलाच हवा. पंप बंद असताना कॉन्टॅक्ट मिटलेला सापडला तर चिलर सुरूच करू नका, मग पलीकडे कितीही घाई असो.

फ्लो अंदाजाने नाही, मोजून

एक टन रेफ्रिजरेशन म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी. पाण्याच्या तापमानात ५ अंशांचा फरक धरला तर टनामागे तासाला सुमारे ६०५ लिटर, म्हणजे मिनिटाला दहा लिटर. १०० टनांच्या चिलरला तासाला साधारण ६० घनमीटर पाणी हवं. हा आकडा पंपाच्या नेमप्लेटशी ताडून पाहा.

प्रत्यक्ष फ्लो मोजायला मीटर नसेल तर इव्हॅपोरेटरचा डीपी वापरा. डीपी फ्लोच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. मूळ डीपी ६० किलोपास्कल असेल आणि आता ३० मिळत असेल तर फ्लो निम्मा झाला असं नाही, तो सुमारे ७१ टक्के आहे. डीपी १५ वर आला की फ्लो निम्म्यावर आला. दोन वेगळ्या गेजच्या फरकावर विश्वास ठेवू नका, जुने गेज आपापलं खरं करतात. एकच गेज घ्या, तो एकाच उंचीवर ठेवा आणि होजने आळीपाळीने दोन्ही टॅपिंगना जोडा. गेजमधली चूक वजाबाकीत निघून जाते. ट्यूबमध्ये स्केल किंवा गाळ असेल तर डीपी फसवतो, फ्लो कमी असूनही तो जास्त दिसतो. शंका आली तर पंपाचा डिस्चार्ज हेड आणि त्याचा कर्व्ह यांच्याशी मेळ घाला.

तापमानाच्या फरकावरूनही अंदाज येतो, पण फक्त पूर्ण लोडवर. पूर्ण लोडवर ५ ऐवजी ८ अंश फरक मिळत असेल तर पाणी तीन पंचमांशाच्या आसपास आलं आहे. रात्रीच्या कमी लोडला फ्लो पडलेला असूनही फरक ३ अंश दिसू शकतो, आणि तेव्हा तो पाहून ‘सगळं ठीक आहे’ असं म्हटलं जातं. रात्रीच्या ट्रिपचं कारण महिनोन्महिने सापडत नाही ते यामुळेच.

फ्लो ठीक निघाला तर

लो प्रेशर किंवा फ्रीझवर ट्रिप होतोय आणि डीपी बरोबर आहे, तर पाण्याची बाजू सोडा आणि रेफ्रिजरंटकडे वळा. गॅस कमी असेल तर सक्शन दाब कमी, सुपरहीट (गॅस उकळून झाल्यावर आणखी किती तापला ते) जास्त, साइट ग्लासमध्ये बुडबुडे, आणि पाणी सेटपॉइंटपर्यंत उतरतच नाही. पाणी कमी असेल तर सक्शन दाब कमी असतो, पण पाणी सेटपॉइंटवर झटकन येतं. हा फरक न बघता गॅस भरला की दाब वर येतो, ट्रिप काही दिवस थांबतो, आणि पुढे मशीन हाय प्रेशरवर जायला लागतं.

हाय प्रेशरची गोष्ट थोडक्यात. कूलिंग टॉवरचं पाणी हवेच्या वेट बल्बच्या (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणाऱ्या तापमानाच्या) खाली जाऊ शकत नाही, त्याच्या तीन-चार अंश वरच राहतं. किनाऱ्यावर मे-जूनमध्ये वेट बल्ब २७ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे ३० ते ३२ अंशांच्या पाण्यावरच काम भागवायचं. त्यात नोझल चोंदले, पंख्याचा बेल्ट सैल पडला किंवा कंडेन्सरमध्ये स्केल साचली की हाय प्रेशर ट्रिप ठरलेलाच. टॉवरचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकून सम्पमधलं (टॉवरच्या तळाच्या टाकीतलं) पाणी खाली गेलं तर कंडेन्सर पंप हवा ओढतो आणि कंडेन्सरचा फ्लो स्विच फडफडतो. एअर कूल्ड चिलर समुद्रासमोर असेल तर कॉइलचे पंखे चालू असूनही फिन हाताने चुरगळतात इतके गंजलेले असतात. ते गोड्या पाण्याने नियमित धुवा. हाय प्रेशर आणि तेलाच्या दाबाचे ट्रिप मॅन्युअल रीसेटचे ठेवलेले असतात. माणसाने मशीनपाशी येऊन कारण पाहावं, हा त्यामागचा हेतू. तिथे टाचणी लावून बटन दाबून ठेवलेलं मी पाहिलं आहे. असं बटन दिसलं की मशीन तिथेच थांबवा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात करायची चाचणी

कॉम्प्रेसर बंद, पंप चालू, मीटर फ्लो स्विचच्या कॉन्टॅक्टवर. इव्हॅपोरेटरच्या आउटलेटचा व्हॉल्व्ह हळूहळू मिटत जा. कॉन्टॅक्ट ज्या डीपीला उघडतो तो आकडा लिहा. तो उत्पादकाच्या किमान फ्लोच्या डीपीइतका किंवा किंचित वर हवा. फार खाली उघडत असेल तर स्विच संरक्षण देत नाही. फार वर उघडत असेल तर रात्री उगाच ट्रिप देईल. स्क्रू फिरवून तो जागेवर आणा. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मूळ खुणेवर आणा, पंप बंद करा आणि कॉन्टॅक्ट उघडतो का ते पाहा. शेवटी चिलर चालू करून, कमी लोडवर, चिलरच्या पॅनेलपाशी एक माणूस उभा करून पंप बंद करा. कॉम्प्रेसर लगेच थांबायला हवा. न थांबल्यास त्या माणसाने तत्क्षणी स्टॉप दाबायचा, आणि जोवर कारण सापडत नाही तोवर मशीन सुरू करायचं नाही.

याच वेळी पॅनेलमधल्या सगळ्या सेफ्टीच्या वायरी डोळ्यांनी बघून घ्या. जुना लूप कधी कोणी मारून ठेवला असेल सांगता येत नाही. तपासणीसाठी तात्पुरता लूप मारावाच लागला तर कॉम्प्रेसरचा आयसोलेटर बंद ठेवूनच मारा, लाल वायर वापरा, दारावर पाटी लावा आणि काम संपताच स्वतः काढा. पुढच्या शिफ्टवर सोपवू नका.

दोन आकडे पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवा: स्वच्छ स्ट्रेनर असतानाचा पूर्ण फ्लोचा डीपी, आणि स्विच ज्या डीपीला उघडतो तो. खाली तारीख. रात्री ट्रिप झाला की शिफ्टवाल्याने रीसेटच्या आधी डीपी मोजायचा आणि लॉगबुकात त्याच्या शेजारी लिहायचा. पुढे स्विच बदलला तर दुसरा आकडा नव्याने मोजून घ्यायचा आणि जुन्यावर काट मारायची.